तांब्याच्या गावात झाकून आलेले ताट

पनवेलला कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. परदेशातून परतल्यापासून त्या टेबलाशी येणारा प्रत्येक मनुष्य आपले काम सांगण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "नाना, सिंह बघितलात का?" सिंह मी पाहिला नाही. सिंह पाहण्यासाठी वेगळे तिकीट काढून दूर जावे लागते, आणि माझे तिकीट वेगळ्या कामासाठी काढलेले होते. ते काम मी योजल्याप्रमाणे झाले नाही. कसे झाले, हे एकेकाला तोंडी सांगत बसलो तर लोकांचे अर्ज राहून जातील. म्हणून लेखी देत आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, परंतु वारसनोंदीपासून रेशनकार्डापर्यंत माझ्या हातून गेलेला अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आल्याचे एकही उदाहरण नाही. माझी एकुलती एक मुलगी सायली. तिचे यजमान निलेश हे आफ्रिकेतील झांबिया देशात, तांब्याच्या एका खाणीत, जमिनीखालचे पाणी उपसणाऱ्या मोठमोठ्या पंपांची देखरेख करतात. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जावई चाकरमानी आहेत आणि छापील शब्द कोठे कोठे पोहोचतो, हे माझ्याइतके कोणास ठाऊक? सायलीला दिवस गेल्याचे कळले तेव्हाच मी ठरवले, की पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे आणि मुलीला आणायला मी स्वतः जायचे. येतानाची तिकिटे दोन काढली. एक माझे, एक तिचे.

तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात, बाळाचा काही मागमूस नसताना, तिने आपल्या जुन्या सुती साड्यांची चार दुपटी शिवून ठेवली होती. ती मी बरोबर घेतली नाहीत. खांदा कॉलनीतल्या घराच्या कपाटात तशीच राहू दिली. बाळ तेथेच येणार होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी उरणची पार्वतीबाई कोळीण टेबलाशी आली. तिच्या घरपट्टीचा अर्ज मी लिहिला होता. तिने वर्तमानपत्रात बांधलेली सुकट माझ्यापुढे ठेवली.

"नाना, पोर पोटुशी हाय ना? मंग ही घेवान जा."

"अगं, विमानात चालणार नाही ही."

"विमानाला नाय, पोरीला देतंय मी. तुमी नाय बोलाचं नाय!"

तिच्यापुढे माझे काही चालले नाही.

लाल माती, काळा डोंगर

प्रवासातले कंटाळवाणे तास वाचकांवर लादत नाही. एकच प्रसंग सांगतो. तिकडच्या विमानतळावर एका अधिकारी बाईंनी माझी बॅग उघडली आणि पार्वतीबाईची सुकट हातात घेतली. माझी इंग्रजी अर्जापुरती. मी सांगितले, "मॅडम, आय बेग टू स्टेट, ड्राय फिश, फॉर डॉटर." बाईंनी पुडी नाकाजवळ नेली, आणि त्यांचा कडक चेहरा एकदम सैल झाला. "कापेंटा!" असे म्हणून त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारली. दोघींनी वास घेतला आणि पुडी मला परत दिली. पुढे कळले, की तिकडच्या मोठ्या तळ्यांतली बोटभर मासळी वाळवून तिला कापेंटा म्हणतात, आणि टोमॅटो-कांदा घालून ती घरोघर रांधतात. पार्वतीबाईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग! मानसांचाच देस हाय तो."

गाव लहान आहे, परंतु त्यातील सारेच खाणीचे. वसाहत खाणीची, इस्पितळ खाणीचे, फुटबॉलचे मैदानदेखील खाणीचे. माती कुंकवासारखी लाल. पांढरे धोतर नेसून गेलो असतो तर आठवड्यात भगवे झाले असते. माळावर वाळवीची वारुळे आमच्याकडच्या दुमजली बंगल्याएवढी, आणि त्यांच्या माथ्यावर झाडे वाढलेली. गावाच्या एका अंगाला, तांबे वितळवणाऱ्या भट्टीतून निघालेल्या मळीचा काळा डोंगर आहे. त्याला पाहिले की मला कर्नाळ्याचा सुळका आठवे, आणि मग वाटे की देवाने केलेल्या डोंगराची आणि माणसाने टाकलेल्या डोंगराची तुलना करू नये. मी गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांची झाडे फुललेली होती, आणि पायाखाली फुलांचा असा थर, की चप्पल काढून चालावेसे वाटावे.

भट्टीकडून वारा सुटला की घशात गंधक उतरतो आणि माणसे खोकत खिडक्या लावून घेतात. पनवेलच्या माणसाला याचे नवल नाही. आपल्याकडेही काही वाऱ्यांना वास असतो. मात्र दुपारच्या सुरुंगाची सवय व्हायला मला वेळ लागला. खाली खोल कोठेतरी खडक फोडतात, आणि वर सायलीच्या मांडणीतले कप एकमेकांना किणकिण लागतात. पहिल्या दिवशी मी भूकंप समजून अंगणात धावलो. सायली दारात उभी राहून पोट धरून हसत होती.

"बाबा, आत या. बाळसुद्धा दचकत नाही आता."

मोठ्या रस्त्याने तांब्याच्या पत्र्यांनी भरलेले ट्रक दिवसभर बंदराकडे जात असतात. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. येथे मी प्रथमच अशा गाड्यांना प्रेमाने पाहिले. वाटे, यातला एखादा पत्रा आपल्या बंदरात उतरत असेल.

आधी विचारपूस

तिसऱ्या दिवशी मी एकटा पाव आणायला गेलो. दुकानात शिरून म्हणालो, "वन ब्रेड." दुकानदारीण हसली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर. हाऊ आर यू?" मी पुन्हा म्हणालो, "वन ब्रेड." ती पुन्हा म्हणाली, "हाऊ आर यू?" मला वाटले, बाईला ऐकू कमी येते, मी बोट दाखवून मोठ्याने मागितले. पाव माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मिळत नव्हता. अखेर रांगेतल्या एका माणसाने माझ्या कानात सांगितले, "आधी तिला बरी आहेस का ते विचारा." मी विचारले. ती बरी होती. तिने मला विचारले. मीही बरा होतो. मग पाव मिळाला.

आमच्याकडे माणूस टेबलाशी आला की मी विचारतो, "काय काम?" परत आल्यावर ही सवय मी बदलली आहे. आधी "बरे आहात ना?" असे विचारतो. काही जण घाबरतात. त्यांना वाटते, नानांनी कामाचे दर वाढवले.

शेजारी बाना-म्वापे राहत. त्या देशात बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाना-म्वापे म्हणजे म्वापेची आई. म्वापे दूर राजधानीत नोकरीला, नवरा खाणीतून निवृत्त होऊन वारलेला. बाई ओसरीवर शिवणयंत्र मांडून रंगीबेरंगी कापडाचे झगे शिवत. त्या कापडाला चितेंगे म्हणतात. तेच कमरेला गुंडाळतात, तेच डोक्याला बांधतात आणि त्यातच मूल पाठीला. मला हाक मारायच्या त्या "बाशिकुलु", म्हणजे आजोबा. मी सायलीकरवी सांगितले, की मी अजून आजोबा झालेलो नाही. बाई म्हणाल्या, "बाळाला ठाऊक आहे ना? मग झाले."

या हाकांच्या पद्धतीत मला परके काही वाटले नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी पत्नीला तिच्या नावाने हाक मारली नव्हती. सायली जन्मल्यापासून ती माझ्यासाठी "सायलीची आई" होती. अजूनही आहे.

बाना-म्वापेंकडे आम्ही जेवलो. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा उंडा, त्याला न्शिमा म्हणतात. आपली तांदळाची उकड अधिक शिजवून आळवली तर तशी होईल. तो हाताने मोडायचा, बोटाने खळगा करायचा आणि शेंगदाण्याच्या कुटातल्या पालेभाजीत बुडवायचा. जेवणाआधी घरातले धाकटे माणूस तांब्यातून थोरांच्या हातांवर पाणी घालते. निलेशनी माझ्या हातांवर पाणी घातले, तेव्हा ते जावई असूनही मी संकोचलो नाही. तळलेले सुरवंट मात्र मी नम्रपणे नाकारले. "बाशिकुलु सुरवंट खात नाही आणि सुकट सातासमुद्रापलीकडून घेऊन येतो," असे बाई म्हणाल्या, आणि घरभर हशा झाला.

समोरच्या आंब्याखाली बा-मुलेंगा बसत. हे खाणीतून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले गृहस्थ. उन्हातही कोट घालीत. मी माझा व्यवसाय सांगितल्यापासून मला "मिस्टर पिटिशन" म्हणू लागले. त्यांची इंग्रजी खाणीत घडलेली, माझी कचेरीत. दोन्ही मिळून काम भागे. आमचे बोलणे येथे मराठीत उतरवून देतो. त्यांनी सांगितले, की वस्तीत कोणाच्या मुलासाठी मुलगी मागायची असली, तर मुलगा स्वतः बोलत नाही, त्याचा बापही बोलत नाही. मधला माणूस जातो. त्याला शिबुकोम्बे म्हणतात. हे काम बा-मुलेंगा करीत.

"म्हणजे आपण एकाच धंद्यातले," मी म्हणालो. "मी लेखी, तुम्ही तोंडी."

"तुमचे बरे," ते म्हणाले. "तुमचा कागद शिव्या खातो. माझ्या बाबतीत त्या मलाच खाव्या लागतात."

मधला माणूस कसा बोलतो, बरोबर काय नेतो, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही. अर्जाचा मायना कसा असावा, यावर मी त्यांना सविस्तर माहिती देऊ लागलो होतो.

"बघू, बाबा"

मूळ कामाची प्रगती मात्र काहीच नव्हती. सातवा महिना लागला होता. पुढे विमानवाले डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, आणि आणखी पुढे चिठ्ठी असूनही घेत नाहीत. मी रोज आठवण करून देत असे, आणि सायली रोज म्हणे, "बघू, बाबा."

एके संध्याकाळी मी सर्व मुद्दे एकत्र मांडले. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. मालिशला नेऱ्याहून बाई येणार, तिच्याशी बोलणी झालेली. डिंकाचे लाडू करून देणारी शेजारीण तयार.

"आणि तुम्ही दिवसभर कचेरीवर," सायली म्हणाली.

"मी रजा घेईन."

"कोणाकडून घ्याल? साहेबही तुम्हीच आणि शिपाईही तुम्हीच."

निलेश हसले. "तुम्ही दोघं ठरवाल तसं," एवढेच ते म्हणाले. सायली उठून ओट्याशी गेली. पाठमोरी असताना तिने पदराने डोळे टिपले, असे मला वाटले. परंतु ती कांदा चिरत होती, आणि मी सोयीची बाजू धरली.

मला समजत नव्हते असे नाही. तिला यायचे नाही, एवढे दिसत होते. का, ते ती सांगत नव्हती. आणि माझी पंचाईत अशी, की सांगितलेल्या गोष्टीवर मी अर्ज लिहू शकतो, न सांगितलेल्या गोष्टीवर काय लिहिणार?

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. निलेश कामावर गेले होते, सायली आतल्या खोलीत पडली होती. दुपारी दार वाजले. बा-मुलेंगा कोटावर टाय बांधून आणि हातात टोपी घेऊन उभे होते. मागे बाना-म्वापे, नवे चितेंगे नेसून. मी विचारपूस केली. आता मला पद्धत ठाऊक होती. दोघे आत आले. खुर्च्या सोडून बाई चटईवर बसल्या, बा-मुलेंगा बुटक्या स्टुलावर. त्यांनी पिशवीतून इनॅमलच्या दोन ताटल्या काढल्या, एकीवर दुसरी पालथी, वरून पांढराशुभ्र रुमाल. त्या माझ्यापुढे जमिनीवर ठेवल्या, हलकेच टाळ्या वाजवल्या आणि मान खाली घालून बसले.

वाचकहो, खांदा कॉलनीत शेजारीण झाकलेले ताट घेऊन दारात आली, तर त्याचा काय अर्थ होतो? अर्थ एकच. मी दोन्ही हातांनी ताट उचलले, "अहो, कशाला एवढी तसदी," असे म्हणालो, आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. उघडून पाहतो तो पदार्थ नाही. पांढऱ्या मण्यांची एक माळ आणि काही नोटा. माझ्या मनात लख्ख उजाडले. सातवा महिना आहे, मुलीची ओटी भरायला आले आहेत! परमुलखातल्या माणसांनी एवढे जाणावे! माळ आणि पैसे मी देव्हाऱ्यात ठेवले. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत देणे आमच्या घराण्यात नाही. सायलीच्या आईने तर वाटी परत करताना निदान चिमूटभर साखर घातल्याशिवाय कधी दिली नाही. डब्यात सायलीने केलेले रव्याचे लाडू होते. ते ताटलीत रचले, वर चिवडा पसरला, दुसरी ताटली झाकली, रुमाल घातला आणि बाहेर आणून बा-मुलेंगांच्या हातात दिले.

त्यांनी वरची ताटली जरा उचलून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा ताटलीत पाहिले. तेवढ्यात बाना-म्वापेंनी जीभ फिरवीत असा काही उंच, थरथरता आवाज काढला, की खिडकीवरची पाखरे उडाली. त्या उठून नाचू लागल्या. हा तिकडचा आनंदाचा घोष. मीही हात जोडून मान डोलावली. बा-मुलेंगा रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "मिस्टर पिटिशन, लोक आम्हाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवतात. दंड मागतात. तुम्ही तर ऐकूनसुद्धा घेतले नाही!"

"काय ऐकायचे?" मी विचारले.

आतल्या खोलीचे दार उघडले. सायली उंबऱ्यात उभी होती आणि रडत होती.

"बाबा, तुम्ही खरंच हो म्हणालात?"

परत घ्यायला गेलो तेव्हा

मग मला समजावण्यात आले. ही चाल मूळची सोयरिकीची. शिबुकोम्बे झाकलेले ताट ठेवतो. ते तसेच परत आले तर नकार, उघडून घेतले तर होकार. सायलीला माझ्याशी बोलवत नव्हते. बाना-म्वापेंनी ते ओळखले आणि म्हणाल्या, की बापाशी जड गोष्ट मुलीने स्वतः बोलायची नसते, त्यासाठी माणूस असतो. मागणी एवढीच होती, की बाळंतपण येथे होऊ द्यावे.

माझा संताप झाला. सायलीवर नव्हे, बा-मुलेंगांवरही नव्हे. तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, "मजकूर वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका," आणि स्वतः मजकूर न ऐकता अंगठा उठवून, वर लाडू देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंब्याखाली गेलो. माळ आणि नोटा रुमालात बांधून नेल्या होत्या. विचारपूस झाली. मग मी म्हणालो, "ही संमती गैरसमजातून झालेली आहे. ती रद्द समजावी."

बा-मुलेंगांनी रुमाल घेतला नाही. "मी पुष्कळ ताटे नेली," ते म्हणाले. "काही उघडली गेली, काही तशीच परत आली. एक तर माझ्या डोक्यावर आले. पण खाऊ भरून कोणी परत दिले नव्हते. आमच्या रिवाजात त्याचा अर्थ मला ठाऊक नाही. तुमच्या रिवाजात काय होतो?"

प्रश्न रास्त होता, उत्तर देणे भाग होते. मी सांगितले, "आमच्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत देत नाहीत."

"का?"

"येणे-जाणे तुटू नये म्हणून."

बा-मुलेंगांनी मान डोलावली. "मग," ते म्हणाले, "आम्ही मागितले त्यापेक्षा तुम्ही जास्तच दिलेत की."

मी रुमाल मांडीवर ठेवला. यावर युक्तिवाद नव्हता असे नाही, परंतु तो करावासा वाटेना. मी म्हणालो, "निदान मुलीचे म्हणणे तरी मला पूर्ण ऐकवा. न ऐकता निकाल झाला, हे मला सलते आहे."

बा-मुलेंगा स्टुलावरून उठले. त्यांनी टोपी काढली आणि माझ्यापुढे उभे राहून, जणू मी कोणी सभा आहे, अशा रीतीने बोलले. "मुलगी म्हणते: माझ्या बापाचे घर माझेच आहे, मी ते सोडलेले नाही. पण त्या घरात आता माझी आई नाही. कळा सुरू झाल्या की मी तिला खोल्याखोल्यांतून शोधीन. इथे शोधणार नाही, कारण इथे ती कधी आलीच नव्हती. आणि ती मला सापडली नाही, की बापही माझ्याबरोबर शोधू लागेल. ते मला बघवणार नाही."

आयुष्यात मी हजारो लोकांचे म्हणणे त्यांच्या वतीने लिहिले. या म्हणण्यात मला एकही शब्द फिरवावासा वाटला नाही.

मी घरी आलो. सायली ओट्याशी होती. मी म्हणालो, "तुझं तिकीट रद्द करायला आणि माझं पुढे ढकलायला निलेशना सांग." पार्वतीबाईच्या सुकटीत तिने कांदा घातला, टोमॅटो घातला, आणि त्या दिवशी आम्ही दोघे स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून जेवलो. दुपारचा सुरुंग झाला, कप किणकिणले. त्यानंतर तिने आईच्या सुकटीला कशी चव असे, याची गोष्ट काढली. दोन वर्षांत प्रथमच आम्ही तिच्याविषयी हसून बोललो.

खाणीच्या इस्पितळात

दिवस भरले, आणि बाळाने आपली वेळ दुपारची धरली. इस्पितळाच्या दारात नर्सने विचारले, "बरोबर आई कोण आहे?" बाना-म्वापेंनी हात वर केला आणि आत गेल्या. मी हरकत घेतली नाही.

पुरुषांनी व्हरांड्यात बसायचे. निलेश फेऱ्या मारीत होते. ज्यांच्या जिवावर अख्ख्या खाणीचे पाणी उपसले जाते, त्यांना पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना. बा-मुलेंगांनी भाजलेली कणसे आणली होती. आम्ही ती धरून बसलो, खाल्ली कोणीच नाहीत. सुरुंग झाला, खिडक्या थरथरल्या. आणि तो आवाज विरतो न विरतो, तोच आतून बाना-म्वापेंचा तो उंच घोष आला. नर्स बाहेर येऊन सांगण्याआधीच आम्हाला कळले होते.

मुलगी झाली. सायलीच्या आईचे कपाळ. मी जवळ गेलो, तेव्हा ती बाना-म्वापेंच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चितेंगेमध्ये गुंडाळलेली होती. सायलीने डोळे उघडले.

"बाबा, आईची दुपटी आणलीत?"

तिला त्यांची माहिती होती. मला वाटले होते, ती फक्त मलाच आहे.

"नाही," मी म्हणालो. "पनवेललाच राहिली."

"असू दे," ती म्हणाली, आणि बाळाच्या अंगावरचे कापड नीट केले.

पुढचे दिवस मी आजोबाचे काम केले. डिंक तिकडे मिळाला नाही. शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे लाडू मी स्वतः वळले. नाळ पडेपर्यंत बाळाला घराबाहेर काढायचे नाही, यावर बाना-म्वापेंचे आणि माझे न भांडता एकमत झाले. त्यानंतर एके सकाळी बाईंनी तिला पाठीला बांधले, गाठ मारली आणि कपडे वाळत घालू लागल्या. मी मागे मागे, हात पुढे करून. "बाशिकुलु," बाई म्हणाल्या, "माझ्या पाठीवरून अजून एकही पडलेले नाही. तुमचे हात मात्र दुखतील." आता त्या हाकेला मी ओ देत होतो. आणि सायलीला अख्खी वस्ती तिच्या लेकीच्या नावाने हाक मारू लागली होती.

त्या दोन ताटल्यांचे येणे-जाणे मात्र चालूच राहिले. लाडवांच्या बदल्यात बाईंनी आंबे भरून पाठवले. आंब्यांच्या बदल्यात सायलीने पोहे दिले. त्यावर भोपळ्याचा पाला आला, त्यावर शिरा गेला. रिकामे द्यायला कोणी तयार होईना. बा-मुलेंगा म्हणाले, की या व्यवहाराचा मधला माणूस होण्याची आपली छाती नाही.

निघायच्या दिवशी बाना-म्वापेंनी त्या ताटल्या भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरल्या, चितेंगेच्या पट्टीने बांधल्या आणि माझ्या बॅगेत घातल्या. मी म्हणालो, "अहो, ही आता परत कशी करू?"

"ते तुमचे तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "रिवाज तुमचा आहे."

विमानात शेजारची जागा रिकामी होती. बा-मुलेंगांनी दिलेली टोपी मी तिच्यावर ठेवली.

शेंगदाणे कचेरीसमोर वाटून संपले. पार्वतीबाईला दोन मुठी दिल्या. निलेशचे एक सहकारी सुटी संपवून तिकडे परत निघाले आहेत, ते उद्या सामान न्यायला येतील. म्हणून आज टेबल लवकर आवरले आणि कपाट उघडले. ताटलीत दुपटी बसवली. मऊ कापड फुगून वर येते, वरची ताटली नीट झाकत नाही. बाईंच्याच पट्टीने घट्ट बांधली. तीन बसली.

चौथे कपाटात परत ठेवले आहे. नात आजोळी येईल, तेव्हा अंगावर घालायला घरात एक तरी हवे.